वर्गणीचा पुतळा, निविदेचा पुतळा

माझे वडील इंदू मिलमध्ये साच्यावर होते. त्याच जागेवर आता बाबासाहेबांचा पुतळा उभा राहतोय. आधी तो २५० फुटांचा ठरला होता. जानेवारी २०२० मध्ये मंत्रिमंडळाने आणखी शंभर फूट वाढवले. चौथऱ्यासकट ४५० फूट. खर्च हजार कोटींच्या पुढे गेला.

त्याच दिवसांत परळचं वाडिया रुग्णालय अनुदान थकल्यामुळे बंद पडायच्या बेतात होतं. हिंदमाताच्या ज्या साड्यांच्या दुकानात मी हिशेब लिहिते, तिथून ते चालत जाण्यासारखं. माझा भाचा तान्हा असताना तिथेच वाचला. उच्च न्यायालयाने सरकारला तेव्हा सुनावलं की पुतळ्यांना पैसा आहे, पण ज्यांच्यासाठी आंबेडकर जन्मभर झटले, त्या माणसांच्या उपचारांना नाही. पुतळ्याचे पैसे वाडियाला द्या, असं खुद्द बाबासाहेबांचे नातू प्रकाश आंबेडकर म्हणाले. वस्तीत काहींना ते झोंबलं. मला पटलं, आणि ते मला धम्माच्या बाजूने पटलं.

पुतळा नको, असं माझं म्हणणं नाही. आमच्या वस्तीतला अर्धपुतळा वर्गणीतून झाला. धुणीभांडी करणाऱ्या बायांनी पदराची गाठ सोडून पैसे दिले. १३ एप्रिलच्या संध्याकाळी पोरं त्याला धुतात, कोटाला निळा हात मारतात, चष्म्याची काडी बारीक ब्रशने रंगवतात. ज्यांना देवळाच्या पायरीशी थांबवलं जायचं, त्यांना तिथे मान वर करून उभं राहता आलं. ते मोल कोणी कमी लेखू नये. पण त्यात देणारा आम्हीच होतो. निविदेच्या पुतळ्यात दान कोणाचं?

कान्हेरीच्या लेण्यांत दगडात दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्यात कल्याणचा एक सोनार आहे. त्याने पाण्याचं टाकं दिलं. कोणी भिक्खूंना राहायला लेणं दिलं. त्या माणसांनी बुद्धाला मोठं करायचं म्हणून तहानलेल्याला पाणी आणि भिक्खूला निवारा दिला. कुशीनगरला शालवृक्षांखाली शेवटच्या घटकेला अंगावर फुलं पडत होती, तेव्हा तथागतांनी आनंदाला हेच सांगितलं: फुलांनी माझा सन्मान होत नाही, धम्माप्रमाणे चालणारा माझा खरा सन्मान करतो. बाबासाहेबही २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावून गेले.

आणि मग त्यांच्या पावलांच्या जागा बघा. पोयबावडीच्या बीआयटी चाळीत, एक नंबरच्या इमारतीत, खोली क्रमांक ५० आणि ५१ मध्ये ते १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. महाडचं चवदार तळं, गोलमेज परिषद, सगळं याच पत्त्यावरून. त्या चाळीत उभं राहिलं की कळतं, एवढा अभ्यास किती गजबजाटात झाला: सामाईक गॅलरी, शेजारच्या स्टोव्हचा आवाज, नळावरची भांडणं. हे साडेतीनशे फुटांचं ब्राँझ सांगू शकत नाही. जवळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापण्यासाठी बैठक भरली. तिथलं नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. गोकुळदास पास्ता मार्गावरचं आंबेडकर भवन आणि तिथला छापखाना तर २५ जून २०१६ च्या पहाटेच्या अंधारात जमीनदोस्त झाला. मोर्चा निघाला, आम्ही दुकानातल्या तिघी गेलो होतो. भिंती परत येत नाहीत.

माझ्या हिशेबाच्या वहीत एका बाजूला वाढवलेले शंभर फूट आहेत. दुसऱ्या बाजूला मी वाडियाच्या खाटा लिहीन, बीआयटी चाळीची ती गॅलरी जशीच्या तशी राखणं लिहीन, आणि बाबासाहेबांच्या राजगृह या घरातल्या ग्रंथांसारखे ग्रंथ इंदू मिलमध्ये रात्री उशिरापर्यंत वाचायला मिळावेत म्हणून वाचनालय लिहीन. चाळीतल्या पोरांना आजही अभ्यासाला जागा नसते. ती हिंदमाताच्या पुलाखालच्या दिव्यात बसलेली मी रोज बघते.