उतारावरचे दोघे
फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावर शनिवार-रविवारी खाऱ्या पाण्यात गळ टाकायला निघालेल्या दांपत्याची कसोटी पुष्कळदा समुद्रात नव्हे, तर रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात सोडण्यासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या उतारावर लागते. मोटारीमागे जोडलेला ट्रेलर, म्हणजे बोट वाहणारा चाकांचा सांगाडा, मागे नेताना स्टिअरिंग ज्या बाजूला वळवावे त्याच्या उलट बाजूला वळतो; ओहोटीने उघडा पडलेला उतार शेवाळाने निसरडा असतो; आणि बोटीच्या मागच्या बाजूला, तळाशी, साचलेले पाणी काढण्यासाठी ठेवलेल्या छिद्राचे बूच लावायचे राहिले, तर ती धक्क्यालाच भरू लागते. मागे रांग ताटकळत असते, आणि चुकीपेक्षा त्या नजरा अधिक बोचत असल्यामुळे दोघांचे आवाज एकमेकांवर चढतात. हा राग अन्यायाचा आहे, कारण काठावर उभ्या असलेल्याला जे दिसते ते स्टिअरिंगशी बसलेल्याला दिसत नाही, आणि ज्याला दिसते त्याच्या हाती स्टिअरिंग नसते. हातांच्या खुणा ठरवणे आणि बूच तपासणे ही कामे रांगेत शिरण्यापूर्वीच, मोकळ्या जागेत, दोघांनी मिळून उरकावीत. परतल्यावर ट्रेलरची चाके आणि ब्रेक गोड्या पाण्याने धुणे हेही दोघांचेच काम, कारण खारे पाणी लोखंड फार लवकर खाते.