मागाहून आलेला न्याय

मृताच्या गळ्यांत हार घालण्यास कोणाची हरकत नसते. जिवंत माणसाच्या गुणांची ग्वाही देण्यांत मात्र धोका असतो. तो उद्यां चुकेल, आपल्याशीं भांडेल, आपण केलेली स्तुति खोटी पाडील, अशी भीति वाटत राहते. मेलेला मनुष्य यांपैकीं कांहींच करीत नाहीं. म्हणून मरणानंतर मिळालेली कीर्ति पाहतांना मनांत दोन भाव एकाच वेळीं उठतात: न्याय झाला याचें समाधान, आणि ज्याला तो हवा होता त्याच्या हातीं तो पडला नाहीं याची हळहळ. या दोहोंपैकीं कोणत्या भावाचा आधार खरा, याचा विचार एका अमेरिकन गायकाच्या उदाहरणावरून करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कॅलिफोर्नियांतील हॉथॉर्न या गांवीं १९६१ सालीं तीन सख्खे भाऊ, त्यांचा एक आतेभाऊ व एक मित्र यांनीं ‘बीच बॉइज’ नांवाचा संच काढिला. समुद्राच्या लाटांवर फळीवर उभें राहून खेळण्याचा जो खेळ तिकडे आहे, त्याचीं गाणीं गाऊन हा संच जगप्रसिद्ध झाला. नवल असें कीं, त्या मंडळींत लाटांचें खरें वेड असलेला एकटाच होता, तो म्हणजे मधला भाऊ डेनिस विल्सन. संगीतरचनेचा मान वडील भाऊ ब्रायन याचा. डेनिसकडे ड्रम वाजविण्याचें काम व देखणेपणाचा लौकिक. ज्या मुलास घरच्यांनीं एकदां उनाड म्हणून ठरविलें, त्याच्या मनांत कांहीं गंभीर चाललें असेल असें पुढें कोणास सुचतच नाहीं.

१९७७ सालीं या डेनिसनें ‘पॅसिफिक ओशन ब्लू’ ही तबकडी काढिली. संचांतील कोणीही स्वतंत्रपणें काढिलेल्या तबकड्यांत ही पहिली. तींतील आवाज गोड नाहीं. तो घोगरा, थकलेला, ठिकठिकाणीं चिरलेला आहे. परंतु त्या आवाजाला कांहीं लपवावयाचें नाहीं. पहिल्याच गाण्यांत नदीकांठची मोकळीक व शहरांतील कोंडमारा समोरासमोर येतात, आणि भोंवतीं उसळणारा समूहस्वर ऐकणाऱ्यास लोटीत पुढें नेतो. तरीही अमेरिकेतील विक्रीच्या यादींत ही तबकडी ९६ व्या स्थानाच्या वर गेली नाहीं. ‘बांबू’ या नांवाची दुसरी तबकडी त्यानें आरंभिली, ती पुरी झाली नाहीं. तिच्यासाठीं केलेलीं दोन गाणीं १९७९ सालीं संचाच्याच तबकडींत गेलीं. मद्यानें प्रकृति खचली. २८ डिसेंबर १९८३ रोजीं मरिना डेल रे येथील बंदरांत तो बुडून मरण पावला. तेव्हां त्याचें वय ३९ वर्षांचें होतें. त्याचा देह समुद्रासच अर्पण करण्यांत आला.

पुढें ती तबकडी कित्येक वर्षें बाजारांत मिळेनाशी झाली. जुन्या प्रती चढ्या भावानें विकत घेणारे थोडके रसिक तेवढे उरले. २००८ सालीं ती पुन्हां प्रसिद्ध झाली, सोबत ‘बांबू’चें अपुरें साहित्यही आलें, आणि टीकाकारांनीं तिचा मोठा गौरव केला. मृत्यूनंतर सुमारें २४ वर्षांनीं डेनिस विल्सन हा केवळ ड्रम वाजविणारा देखणा भाऊ नसून स्वतंत्र प्रतिभेचा संगीतकार होता, हें मान्य झालें.

आतां प्रश्न असा कीं, हा न्याय कोणास मिळाला? व्यवहारी मनुष्य म्हणेल, “हें वरातीमागून घोडें. ज्याचे कान मिटले त्याला टाळ्या ऐकूं येत नाहींत.” या उत्तरांत कठोर सत्य आहे, आणि तें गोड शब्दांनीं झांकूं नये. भवभूतीनें ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेंत आपल्या समानधर्म्याची वाट पाहिली, काळ अनंत आहे व पृथ्वी विशाल आहे या भरंवशावर. तो भरंवसा खरा ठरला. परंतु तो खरा ठरल्याचें भवभूतीस कळलें नाहीं. शिवाय ज्यांचा भरंवसा खोटा ठरला त्यांचीं नांवेंच आपणांस ठाऊक नसल्यामुळें, काळ अखेरीस सर्वांस न्याय देतो हें म्हणणेंही आपण फार सहज करतों. जे वांचले त्यांचीच मोजदाद करून समुद्र दयाळू आहे असें म्हणण्यासारखें तें आहे.

पण एवढ्यावरून मागाहून केलेला गौरव निरर्थक ठरतो काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या परंपरेंत तीन ऋणें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं ऋषिऋण फेडावयाचें तें ऋषींना कांहीं नेऊन देऊन नव्हे, तर अध्ययनानें. ज्याचें देणें त्याला तें पोंचत नाहीं, तरीही तें देणें खरें आहे, आणि तें न फेडणारा खराच ऋणी राहतो. कलावंताचें ऋण याच जातीचें आहे. पहिल्या पिढीनें चुकीचा निकाल दिला असेल, तर तो निकाल सुधारण्याचें कर्तव्य सत्याशीं असलेल्या आपल्या नात्यांतून उत्पन्न होतें. त्यांत मृतास सुख होतें कीं नाहीं हा प्रश्नच येत नाहीं. म्हणून समाधान व हळहळ हे दोन्ही भाव खरे आहेत. फक्त समाधान आपल्यासंबंधीं आहे, आणि हळहळ त्याच्यासंबंधीं. एकाच्या जोरावर दुसऱ्यास पुसून टाकणें ही मात्र लबाडी होईल.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘पॅसिफिक ओशन ब्लू’ कर्त्यानें स्वतः जगापुढें ठेविली होती. ‘बांबू’ तशी नव्हती. अपुरी कृति म्हणजे ‘हें माझें’ असें कर्त्यानें अद्याप न म्हटलेली वस्तु. तिला हात लावण्याचा अधिकार कोणाचा? २००८ च्या आवृत्तींत ‘होली मॅन’ नांवाचें एक गीत आहे. त्याचें संगीत डेनिसचें, परंतु गाणारा कंठ टेलर हॉकिन्स याचा आहे. हाही एका रॉक संचाचा ड्रम वाजविणारा. १९८३ सालीं तो शाळकरी मुलगा होता, आणि २०२२ सालीं तोही निवर्तला.

येथें आम्हांस आपल्याच वाङ्मयांतील दोन उदाहरणें आठवतात. बाणभट्टाची ‘कादंबरी’ अपुरी राहिली, ती त्याच्या पुत्रानें पुरी केली. परंतु आपण कवित्वाच्या अभिमानानें नव्हे, तर ग्रंथ अपुरा राहिल्याचें सज्जनांस दुःख होतें म्हणून हें करीत आहों, असें त्यानें आरंभींच सांगितलें. उलट ‘कुमारसंभवा’चे आठव्या सर्गापुढील सर्ग कालिदासाच्या नांवावर चालत आले, मल्लिनाथाची टीका आठ सर्गांवरच आहे, आणि पुढील भाग परक्या हाताचा असें अनेक पंडित मानतात. पहिल्या ठिकाणीं सांधा उघडा आहे, दुसऱ्या ठिकाणीं तो झांकलेला आहे. आमच्या मतें नीतीची रेघ येथेंच पडते. मृताच्या अपुऱ्या कामास प्रेमानें हात लावण्यास हरकत नाहीं, पण आपला हात कोठें लागला हें सांगितलें पाहिजे. ‘होली मॅन’वर गाणाऱ्याचें नांव स्पष्ट छापिलें होतें; म्हणून ती सेवा ठरते. तेंच नांव गाळलें असतें, तर ती मृताच्या मुखीं परक्याचे शब्द घालण्याची आगळीक झाली असती.

कोणी म्हणेल, पुनःप्रकाशन हा अखेर व्यापार आहे. त्यांत कसला ऋषि आणि कसलें ऋण? व्यापार आहे खरा. पण छापखानाही व्यापारच आहे, आणि त्याच्यामुळेंच ज्ञानेश्वरी घरोघर पोंचली. विकणाऱ्याचा हेतु काय होता यावरून ऐकणाऱ्याचें कर्तव्य ठरत नाहीं.

आमची खरी भीति निराळी आहे. मृतांचा गौरव करून आपण जिवंतांच्या बाबतींत निश्चिंत होतों. मागच्या पिढीच्या बहिरेपणास हंसतांना आपल्या कानांची परीक्षा करण्याचें राहून जातें. १९७७ सालीं ज्यांनीं ती तबकडी बाजूला ठेविली ते दुष्ट नव्हते. त्यांना त्या मनुष्याविषयीं आधींच सर्व ठाऊक होतें, एवढाच त्यांचा दोष. असा एखादा मनुष्य आपल्याही ओळखींत असेल, घरांतही असेल. त्याची कृति आज आपल्या मेजावर न उघडतां पडली असेल, कारण तो ‘कसा आहे’ हें आपणांस ठाऊक आहे. ती उघडून पाहण्यास आज फार तर एक संध्याकाळ लागेल.