कॅनडाने लोकांना काय विचारले?

जानेवारी १९६२. सरकारी चेकवर इंग्रजीबरोबर फ्रेंचही छापायची, अशी चर्चा ओटावात चालू होती. माँट्रियलच्या ‘ल दव्हार’ या फ्रेंच दैनिकाचे संपादक आंद्रे लोरांदो यांनी त्यावर अग्रलेख लिहिला. असले तुकडे टाकून फ्रेंच भाषकांचे समाधान होणार नाही, दोन्ही भाषांच्या दर्जाची रीतसर चौकशी करा, अशी त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी लेस्टर पिअर्सन यांच्या सरकारने आयोग नेमला आणि डेव्हिडसन डंटन यांच्यासोबत लोरांदोंनाच सहअध्यक्ष केले.

तज्ज्ञांची निवेदने घ्यायची आणि अहवाल लिहायचा, ही आयोगांची जुनी रीत. या आयोगाने १९६४ मध्ये त्याआधी देशभर सभा घेतल्या. कुणीही यावे, उठून बोलावे. पश्चिमेकडच्या प्रांतांत फ्रेंचविषयीची अढी लोरांदोंना समोरासमोर ऐकावी लागली. कॅनडा एकसंध राहावा म्हणून झटणाऱ्या या माणसाने, आपल्याही मनात कधीकधी फुटून निघण्याची ऊर्मी उठते, असे डायरीत नोंदवले. ऐकण्याची एवढी किंमत मोजणारा अध्यक्ष विरळाच. त्याच प्रदेशातले युक्रेनियन वंशाचे लोक विचारत होते, इंग्रज आणि फ्रेंच हे दोनच संस्थापक, मग आम्ही कोण? १९६९चा राजभाषा कायदा आणि १९७१चे बहुसांस्कृतिकतेचे धोरण या मंथनातून आले. मूळ रहिवाशांना मात्र आयोगाच्या कार्यकक्षेतच जागा नव्हती.

१९७६ मध्ये फ्रेंचबहुल क्विबेक प्रांतात स्वतंत्र होण्याची मागणी करणारा पक्ष सत्तेवर आला आणि ओटावाने पेपँ-रॉबार्ट्‌स समिती नेमली. तीही देशभर हिंडली. क्विबेकचे वेगळेपण मान्य करा, हा तिचा १९७९चा सल्ला पंतप्रधान पिएर ट्रुडो यांनी बाजूला ठेवला.

१९८७ मध्ये मीच लेक येथे पंतप्रधान ब्रायन मल्रोनी आणि दहा प्रांतांचे प्रमुख, असे अकरा पुरुष बंद दाराआड बसले आणि घटनादुरुस्तीचा मसुदा ठरवून बाहेर आले. क्विबेकला ‘वेगळा समाज’ म्हणून मान्यता होती, पण लोकांना विचारलेच नव्हते. जून १९९० मध्ये मॅनिटोबाच्या विधानसभेत ओजी-क्री समाजाचे आमदार एलायजा हार्पर गरुडाचे पीस हाती धरून बसले. मसुदा तातडीने घ्यायला सर्वांची संमती लागत होती. ती देता का, असे पुन्हा पुन्हा विचारले गेले आणि ते दरवेळी नाही म्हणाले. मंजुरीची मुदत संपली, करार बुडाला.

मग सरकारने दुसरे टोक गाठले. कीथ स्पायसर यांच्या नागरिक मंचाने मोफत टेलिफोन लाइन उघडली, चर्चेसाठी प्रश्नसंच वाटले, आणि घराघरांत, शाळांत मंडळी जमून बोलू लागली. सुमारे चार लाख लोक सहभागी झाले. जून १९९१च्या अहवालात मल्रोनींवरचा लोकांचा संताप स्पष्ट उतरला. पण क्विबेकचा त्यातला सहभाग तुटपुंजा होता, कारण त्याच काळात तिथे प्रांताने नेमलेल्या बेलांजे-काँपो आयोगापुढे सहाशेहून अधिक निवेदने सादर होत होती. एकाच देशाच्या भवितव्यावर दोन दालनांत दोन चर्चा चालल्या, आणि एकीतला आवाज दुसरीत पोहोचलाच नाही. खरी चूक इथे झाली. सरकारपुढे मन मोकळे करायची सोय झाली, शेजाऱ्याचे ऐकून घ्यायची झाली नाही.

मराठी वाचकाला इथे भारतातल्या राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेला फाजल अली आयोग आठवेल. दीड लाखांवर निवेदने घेऊनही त्याने १९५५ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यच सुचवले होते.

कॅनडात ऑक्टोबर १९९२ मध्ये घटनादुरुस्तीचा नवा मसुदा, शार्लटटाउन करार, थेट जनमताला टाकला गेला. आता मूळ रहिवाशांचे नेतेही वाटाघाटीत होते. तरी देशभरात सुमारे ५४ टक्के आणि क्विबेकमध्ये त्याहून अधिक मते विरोधात पडली. क्विबेकला फार दिले म्हणून पश्चिमेने नाकारले, फार थोडे दिले म्हणून क्विबेकने. ३० ऑक्टोबर १९९५च्या सार्वमतात क्विबेक कॅनडात राहिला तो ५०.५८ टक्क्यांवर.

१९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की क्विबेकला एकतर्फी फुटता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमताने कौल आला तर उरलेल्या देशाला वाटाघाटीला बसावे लागेल. अशा चर्चेला उरलेला देश बांधील आहे, हे प्रथमच ठरले. २०२५ मध्ये अल्बर्टाच्या प्रमुख डॅनिएल स्मिथ यांनी ओटावाशी असलेल्या संबंधांवर प्रांतभर सभा घेतल्या, तेव्हाही प्रश्न अल्बर्टाच्याच लोकांना विचारला गेला.