दुरुस्ती की विसर्जन?

वाचक माउलींनो, घरातले यंत्र वारंवार बंद पडू लागले की प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. केळापुरात आमच्या घरी नातवाने आणलेले कॉफीचे यंत्र आहे. तीनदा दुरुस्तीला जाऊन आले. सून म्हणते, आता नवे घ्या. नातू म्हणतो, आणखी एकदा दाखवू. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे आणि दोन्हींत मोहही लपू शकतो. 'नवे हवे' ही हाव. 'माझे टाकवत नाही' ही आसक्ती. मूळ एकच, ममत्व.

मग निवाडा कसा करावा? तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण सारे जाणतो. काकांनी थापटण्याने एकेका संताचे डोके ठोकून पाहिले, मगच नामदेवराय कच्चे ठरले. आधी परीक्षा, मग निर्णय. आणि कच्चे ठरले म्हणून देवाने त्यांना टाकले नाही. विसोबा खेचरांकडे पाठवले.

तशीच परीक्षा इथे करावी. जड पाण्याचा पांढरा क्षार आतल्या नळीत बसतो. पाणी अडते, यंत्र नको तितके तापते आणि बंद पडते. लिंबूसत्त्वाच्या पाण्याने तो क्षार सुटतो. असा दोष यंत्राचा नसतो, निगेचा असतो. निगा नसेल तर नवे आणूनही तेच होईल. पण हात लावताच झिणझिण्या येत असतील, वायर जळल्याचा वास येत असेल आणि सुटा भागही मिळत नसेल, तर ते ठेवणे काटकसर नव्हे, हट्ट आहे. पखवाजाची पुडी फाटली तर बदलावी. खोडालाच तडा गेला तर कितीही पुड्या चढवा, नाद लागत नाही.

टाकतानाही धर्म आहे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत; असे यंत्र अधिकृत संकलकाकडेच द्यावे. तांब्यासाठी वायर जाळली की धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो.

गीतेने देहालाही जीर्ण वस्त्राची उपमा दिली. म्हणून जीर्ण झालेले सोडणे पाप नाही. पण जीर्ण होण्याआधीच फेकणाऱ्याला त्या उपमेचा आधार नाही, आणि जीर्ण झाल्यावर कवटाळणाऱ्यालाही नाही.

माउली, वस्तूचा दोष कुठे आहे हे पाहण्याइतका धीर ज्या घरात नाही, तिथे माणसाचा दोष समजून घेण्याचा धीर कुठून यावा? सवय यंत्रापाशी लागते, कसोटी मात्र माणसांपाशी होते.

रामकृष्णहरी.