उंबरठ्यापलीकडील नीति

लहान मुलांना पाणी, झाडें आणि सार्वजनिक स्वच्छता यांची काळजी घेण्यास शिकवावें, याविषयीं सुशिक्षितांत आज मतभेद आढळत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं पर्यावरण हा विषय शिक्षणांत सक्तीचा करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रांतील प्राथमिक शाळांत तो 'परिसर अभ्यास' या नांवानें शिकविलाहि जातो. परंतु जेथें वाद नसतो तेथें विचारहि बहुधा थांबतो. मुलाला नळ बंद करावयास सांगतांना आपण त्याला आज्ञापालन शिकवितों, भीति शिकवितों, कीं नीति शिकवितों, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस येथें उपस्थित करावासा वाटतो.

आतां कोणी म्हणेल कीं, पांचसहा वर्षांच्या मुलाला कार्यकारणभाव कळत नाहीं. आणि न समजतां केलेल्या कृत्यास नैतिक म्हणावें तरी कसें? कर्तव्याच्या जाणिवेनें केलेल्या कृत्यासच नैतिक मोल आहे, असें मानणारा कांट हा या आक्षेपाचा मोठाच आधार होय. उलटपक्षीं ॲरिस्टॉटलचें मत असें कीं, वाद्य वाजवीत गेल्यानेंच जसा मनुष्य वादक होतो, तसा न्यायाचीं कृत्यें करीत गेल्यानेंच तो न्यायी होतो. आपल्या भाषेनें या वादांत ॲरिस्टॉटलचा पक्ष केव्हांच घेतला आहे. अक्षराला वळण असतें, तसें मुलालाहि असतें; आणि वळण आधीं लागतें, विवेक मागाहून येतो.

तथापि नुसतें वळण पुरत नाहीं, याची साक्ष आपलीं घरेंच देतील. अंगणांत सडा, दारापुढें रांगोळी, वहाणा दाराबाहेर, हें स्वच्छतेचें वळण कांहीं थोडें कडक नव्हतें. पण त्याच घरांतला केर कुंपणापलीकडे निःशंकपणें फेंकला जात असे, व अजूनहि जातो. वळणांत उणीव नव्हती. तें उंबरठ्याशीं संपत होतें, एवढेंच. 'केर बाहेर टाक' ही आज्ञा ऐकतां ऐकतां 'बाहेर' म्हणजे जेथें कोणीच राहत नाहीं असें ठिकाण, हें तत्त्वज्ञान मूल नकळत शिकतें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां गटारें तुंबण्याच्या कारणांत प्लॅस्टिकच्या पिशव्याहि होत्या. बाहेर टाकलेली पिशवी त्या दिवशीं पाण्याबरोबर घरांत परत आली.

'बाहेर'हि कोणीतरी राहतें, हा या शिक्षणाचा पहिला धडा असावा. तो देण्यास पृथ्वीची गोष्ट काढण्याचें कारण नाहीं. पृथ्वी मुलाच्या मानानें फार मोठी आहे. तिच्या विनाशाचीं चित्रें दाखविल्यानें तें भेदरतें किंवा कंटाळतें. त्याऐवजीं फुटलेल्या बरणीची काच कागदांत गुंडाळून निराळी ठेवावयास सांगावें, आणि कारणहि सांगावें: सकाळीं केर उचलणाऱ्या बाईंचा हात कापेल. हें कारण सहा वर्षांच्या मुलास पुरतें कळतें. कांटचा आक्षेप येथें आपोआप मावळतो. कारण वळण व विवेक एकाच वेळीं दिले जातात. कचरा घरींच वेगळा करण्याचा नियमहि अशा रीतीनें समजाविला, तर तो केवळ सरकारी न राहतां माणुसकीचा होतो. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं 'आज्ञापत्रां'त रयतेच्या संमतीवांचून तिचे आंबे-फणस आरमारासाठीं तोडण्यास मनाई केली, तीहि याच न्यायानें. ज्यांनीं तीं झाडें वर्षानुवर्षें पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलीं, त्यांना काय वाटेल, याचा विचार त्या मनाईच्या मुळाशीं आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, कारखान्यांच्या व नगरांच्या उधळपट्टीपुढें एका मुलाच्या नळानें काय होणार? हा आक्षेप खरा आहे, आणि मुलाला खोटें सांगूं नये. त्याच्या नळानें जग वांचणार नाहीं. पण आपल्या सोयीचा भार दुसऱ्यावर टाकूं नये, हें तत्त्व जग वांचण्यावर अवलंबून नाहीं.

खरी कसोटी मुलाची नसून वडील माणसांची आहे. आगगाडीच्या खिडकींतून रिकामी बाटली भिरकावणाऱ्या वडिलांना 'बाबा, बाहेर कोणी असेल ना?' असें मूल विचारतें, आणि 'गप्प बैस' असें उत्तर मिळतें. त्या दोन शब्दांनीं वर्षभराचा परिसर अभ्यास पुसला जातो. नियम लहानांसाठीं असतात, आणि मोठें होणें म्हणजे त्यांतून सुटणें, एवढेंच त्यांतून मूल शिकतें. ज्याला आज नळाचें कारण सांगितलें, तें मूल उद्यां घरच्या मोटारीचें कारण विचारील, परवां कारखान्याचें विचारील. त्याला उत्तर देण्याची, आणि उत्तर नसेल तेथें स्वतः बदलण्याची ज्या घराची तयारी नाहीं, त्या घरानें आपण मुलाला नीति शिकवितों असें म्हणूं नये. तेथें शिकविलें जातें तें केवळ आज्ञापालन.