माणसे वाढली की हाव वाढली?

बापहो, विहिरीचे पाणी तळाला गेले की गावात एक वाक्य हमखास कानी पडते, "माणसंच लई झाली हो! धरणीमाय तरी किती पुरी पडणार?"

हे बोलणे अगदीच खोटे नाही. १९५१ च्या शिरगणतीत देशात सुमारे ३६ कोटी माणसे होती. २०११ साली ती १२१ कोटी झाली. पाऊस काही तिप्पट झाला नाही. सरकारी हिशेबाप्रमाणे दर माणशी वर्षाला ५१७७ घनमीटर पाणी वाट्याला येई, ते १५४५ वर आले. पंगत वाढली आणि पातेले तेवढेच राहिले, तर वाढप्याला हात आखडावाच लागतो.

पण हिशेब इथेच मिटवू नये. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आढळली. पिढी आहे तेवढीच राहायला २.१ लागतात. मागल्या पिढीची लेकरे आता कर्ती झाली, म्हणून संख्या अजून काही काळ वाढेल. पण पाळणे कमी झाले, हे खरे. मग विंधन विहिरी खोल खोल का चालल्या? अहो, पाळण्यातले मूल पाणी उपसत नाही. उपसतो तो आपला पंप. कमी पावसाच्या रानात ऊस उभा करायचा आणि दोष शेजारच्या चार पोरांना द्यायचा, हा कुठला न्याय?

आपल्या काळ्या कातळाच्या पोटात पाणी थोडेच मावते. दरसाल पावसाने मुरते ते व्याज. खोलवरचे जुने पाणी ते मुद्दल. व्याजावर मोठे खटलेही सुखाने नांदते. मुद्दल खाणारा घरात एकटा असला, तरी एक दिवस भिकेलाच लागतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार गाव दरसाल पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि मग पिके ठरवते. शेतीसाठी विंधन विहीर नाही, पाणी पिणारा ऊस नाही, असा गावाने नेम केला. नेम कुणा एकाचा नव्हे, सगळ्यांचा. म्हणून तो टिकला.

कुटुंब बेताचे असावे, हे योग्यच. पण माणसे मोजताना प्रत्येकाचे घेणेही मोजावे. जो अजून जन्माला आला नाही, तोही याच पंगतीत बसणार आहे. त्याचे पान आज रिकामे दिसते, म्हणून त्याच्या वाटचे आपण जेवायचे का? याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या विहिरीत डोकावून द्यावे.