अपयश आणि सम्यक व्यायाम

उपासक-उपासिकांनो,

देवळा तालुक्यातील नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांना एक टोमणा ठरलेला असतो. कांद्याचा भाव पडला, विहिरीला पाणी लागले नाही, मुलगा दहावीत नापास झाला, की शेजारी म्हणतो, "देव सोडलेत ना, मग भोगा." बोलणारा बोलून जातो. पण त्या रात्री घरातील आजीला झोप लागत नाही. तिला जुना नवस आठवतो, भगताचे घर आठवते. बावीस प्रतिज्ञा घेतलेले मन डळमळते ते अशाच वेळी. आपण तिला एवढेच विचारावे : देव होते तेव्हा भाव पडत नव्हते काय? नवस फेडणाऱ्यांची मुले नापास होत नाहीत काय?

अपयश तथागतांनाही चुकले नाही. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे उग्र तपश्चर्या केली, शरीराचा सापळा झाला, हाती काही आले नाही. तेव्हा त्यांनी तो मार्ग सोडला आणि अन्न घेतले. बरोबरचे पाच परिव्राजक त्यांना भ्रष्ट समजून निघून गेले. एकीकडे अपयश, आणि दुसरीकडे आपल्याच माणसांनी फिरवलेली पाठ! यापुढची एक बारीक गोष्ट बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिली आहे. ती मला फार मोलाची वाटते. बोधिवृक्षाखाली बसण्यापूर्वी गौतमाने चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न गोळा केले. आधीचा प्रयत्न उपाशीपोटी फसला होता. या वेळी ते शिदोरी बांधून बसले. चार आठवड्यांच्या चिंतनानंतर बोधी प्राप्त झाली. आणि सारनाथला पहिला उपदेश ऐकला तो त्याच पाच जणांनी.

अष्टांग मार्गातील सम्यक व्यायाम तो हाच. जे अकुशल ते टाकायचे, जे कुशल ते वाढवायचे. टाकणे हादेखील प्रयत्नाचाच भाग आहे, हे आपण विसरतो.

आपल्या जिल्ह्याने हे डोळ्यांनी पाहिले आहे. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष मिरवणुकीने गेले. दारे बंद होती. दुसऱ्या दिवसापासून तुकड्या दारांसमोर बसल्या, त्यांत स्त्रियाही होत्या. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, डोकी फुटली. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते वर्षानुवर्षे झिजले. दार उघडले नाही.

मग १९३४ साली बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवण्याचा सल्ला दिला. पुष्कळांना ती हार वाटली असेल. परंतु बाबासाहेबांना देवदर्शन कधी हवेच नव्हते. हवा होता माणूस म्हणून मान. त्या दाराने तो मिळत नाही हे पाच वर्षांनी सिद्ध केले. देवळ्याहून चांदवड, मनमाड करीत गेले की येवला लागते. तेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर एकवीस वर्षे! मध्ये १९५२ च्या निवडणुकीत पराभव, १९५४ मध्ये भंडाऱ्याला पुन्हा पराभव, शरीर मधुमेहाने पोखरलेले. तरीही १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस नागपूरला उगवला.

दादासाहेबांचेही पाहा. ज्या नाशिकात दारासमोर बसले, तेथूनच १९५७ साली ते लोकसभेवर निवडून गेले, आणि पुढे मंदिराऐवजी भूमिहीनांच्या जमिनीसाठी सत्याग्रह केले. त्यांची जिद्द तीच होती, दार तेवढे बदलले.

आता आपल्या घराकडे येऊ. येत्या पौर्णिमेला त्रिशरण-पंचशील झाल्यावर नापास झालेल्या मुलाला रागावू नका, लपवूही नका. त्याला मध्ये बसवा, गुणपत्रिका काढा, कोणता विषय राहिला ते बघा. वस्तीत शिकलेले कोणी ना कोणी असतेच. रोज तासभर त्याच्याकडे पाठवा. पुरवणी परीक्षेचा अर्ज मुदतीत भरा. आणि आजीला शेजारी बसवून सिद्धार्थाच्या चाळीस दिवसांच्या शिदोरीची गोष्ट तिच्याच तोंडून त्या पोराला सांगायला लावा.

नमो बुद्धाय! जय भीम!